जुना संगणक आणि तबकडीतला आवाज



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून पंचवार्षिक योजनांपर्यंत नाना विषयांवरची भाषणे आपण आजवर ऐकली आहेत. त्या पंक्तीत आज ‘जुन्या संगणकात दुसरी ड्राइव्ह बसविणे’ हा विषय वाचून काहींना हसू आले असेल. परवा मंडईत एका स्नेह्यांनी मला हटकलेच, “काय मास्तर, हे व्याख्यान म्हणायचे की दुरुस्तीचे दुकान?” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मी संगणकविद्येतला पंडित नव्हे. हयातभर शाळेत शास्त्र हा विषय शिकविला, आणि निवृत्तीनंतर वाचनालयात जाऊन बसतो, एवढाच माझा अधिकार. तरीही हा विषय मी हट्टाने मागून घेतला. कारण तो वरवर स्क्रू आणि तारांचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. ती आधी सांगतो.

आपल्या वाचनालयाच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. २००२ सालापासून पुढे दहाएक वर्षे या मांडवातली भाषणे ध्वनिमुद्रित करून सीडीवर उतरवून ठेवण्याचा चांगला प्रघात तेव्हाच्या चालकांनी पाडला होता. त्या सीडी, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत तबकड्या, या पेट्यांत आहेत. ज्यांची भाषणे त्यांवर आहेत त्यांतले कित्येक वक्ते आज हयात नाहीत. ते बोलत होते तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण इथेच सतरंजीवर बसलेले होते. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर ओल आली म्हणून पेट्या खाली काढल्या, आणि सहज एक तबकडी वाचनालयाच्या संगणकात घातली. संगणक २००४ सालचा. त्याने तबकडी आत घेतली, थोडा वेळ गुरगुरला, आणि ‘कृपया तबकडी घाला’ असे आम्हांलाच सांगू लागला! दुसरी घातली, तिसरी घातली, तोच प्रकार. एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. त्याने संगणकाकडे पाहिले, पेट्यांकडे पाहिले आणि निकाल दिला, “दोन्ही भंगारात द्या.” नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालायला फटही नसते.

तबकडी शाबूत दिसते आहे, तिच्यात माणसाचा आवाज आहे, आणि तो बाहेर येत नाही. अशा वेळी काय करावे? आम्ही जे केले ते मी आज सांगणार आहे.

प्रथम ही तबकडी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती सिद्ध केली, आणि १९८२ साली ती प्रथम जपानच्या बाजारात आली. व्यास १२० मिलिमीटर, जाडी अवघी १.२ मिलिमीटर. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई बाहेरून आत जात असे. इथे सुईऐवजी प्रकाशाचा किरण असतो, आणि तो आतून बाहेर जातो. तबकडीवर जिलबीसारखी एकच एक वेटोळी रेघ असते. तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक वेढे सहज मावतील. ही रेघ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून अधिक लांब भरेल. एवढ्या बारीक वाटेवरून, तबकडी गरगर फिरत असताना, किरणाला न चुकता चालायचे असते.

साहजिकच मनात येते, इतक्या नाजूक वस्तूवर एखादा ओरखडा पडला की सगळेच बुडाले म्हणायचे. पण तसे होत नाही, आणि याचे श्रेय गणिताला आहे. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी चुका दुरुस्त करण्याची एक रीत मांडली. तिचे मर्म शाळेतल्या उदाहरणाने कळेल. मी तुम्हांला पत्रातून पाच आकडे कळविले आणि खाली त्यांची बेरीजही लिहिली. वाटेत पावसाने एक आकडा पुसला, तर उरलेले चार आणि बेरीज यांवरून पुसलेला आकडा तुम्ही घरबसल्या काढाल. तबकडीवर असेच जादा आकडे लिहिलेले असतात. शिवाय लगतचा मजकूर लगत न ठेवता दूरदूर विखुरलेला असतो, त्यामुळे एका जागी पडलेला ओरखडा कोणा एकाचे सगळेच घेऊन जात नाही, अनेकांचे थोडेथोडे नेतो. रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट ही योजना भरून काढू शकते. म्हणूनच तबकडी पुसताना फडके मध्यापासून कडेकडे सरळ ओढावे. गोल गोल फिरवू नये. आडवा ओरखडा पुष्कळ वेढ्यांना थोडा थोडा लागतो, तो भरून निघतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा एकाच ठिकाणचे लांबलचक बुडवतो.

मग आमच्या तबकड्या वाचल्या का जात नव्हत्या? कारणे दोन असू शकतात. एक तबकडीचे, एक यंत्राचे. घरी उतरवून घेतलेल्या तबकडीत कारखान्यातल्यासारखे साच्याचे खळगे नसतात; एका रंगद्रव्याच्या थरावर किरणाने खुणा उमटविलेल्या असतात. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी तो थर फिका पडत जातो. दुसरीकडे, वाचणाऱ्या यंत्राच्या भिंगावर धूळ बसते, किरण क्षीण होतो, मोटर थकते. तबकडी थोडी फिकी आणि यंत्र थोडे थकलेले, असा योग आला की वाचन थांबते. पण, आणि हा ‘पण’ महत्त्वाचा आहे, प्रत्येक यंत्राची नजर सारखी नसते. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरी ड्राइव्ह पुष्कळदा सुरळीत वाचते. आपल्यालाही एखाद्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि कोपऱ्यावरचा औषधवाला ती घडाघड वाचतो, तसेच हे आहे.

म्हणून आम्ही ठरविले की, आहे ती ड्राइव्ह राहू द्यायची आणि जोडीला दुसरी बसवायची. कोणी म्हणेल, बाहेरून जोडायची यूएसबी ड्राइव्ह मिळते, ती का नाही घेतली? जरूर घ्यावी. ज्यांच्या घरी फक्त लॅपटॉप आहे त्यांना तोच मार्ग. पण आमच्याकडे संगणक होता, त्याच्या दर्शनी बाजूस एक जागा रिकामी होती, आणि टाकून दिलेल्या संगणकांतल्या ड्राइव्हा फुकट मिळत होत्या.

इथे माझी पहिली चूक सांगतो. मी उत्साहाने एका जुन्या बाजारातून एक छान दिसणारी ड्राइव्ह उचलून आणली. पेटी उघडून पाहतो तो तिची जोडणी आमच्या संगणकात कुठेच बसेना! झाले होते असे. जुन्या संगणकांत ड्राइव्ह जोडायला चाळीस टाचण्यांची, चांगली दोन इंच रुंद अशी चपटी पट्टी असे. तिला आयडीई म्हणतात. पुढे सॅटा नावाच्या नव्या जोडणीचे नियम प्रसिद्ध झाले. तिची केबल बोटापेक्षा अरुंद. माझी ड्राइव्ह सॅटाची आणि मदरबोर्ड निव्वळ आयडीईचा. तेव्हा आधी पेटी उघडून आत काय आहे ते पाहावे, आणि मग बाजारात जावे. ज्यांच्या संगणकात सॅटाची एखादी जागा रिकामी असेल त्यांचे काम सोपे आहे. तिथे एका केबलीला एकच ड्राइव्ह, आणि कसली खूण बदलावी लागत नाही. खरी परीक्षा आयडीईत आहे. एकाने मग जुनी आयडीई ड्राइव्ह आणून दिली, आणि अकरावीतला एक मुलगा माझ्या मदतीला आला. कोण कोणाच्या मदतीला होता, हे पुढे कळेलच.

आयडीईच्या एका पट्टीवर दोन यंत्रे बसतात. दोघांना एकच रस्ता, म्हणून कोण कोण आहे हे आधी ठरवून द्यावे लागते. ड्राइव्हच्या पाठीमागे बारीक टाचण्या असतात आणि त्यांतल्या दोन टाचण्यांना जोडणारी प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. तिला जंपर म्हणतात. ती ‘एमए’ या खुणेवर बसविली तर ते यंत्र मास्टर, ‘एसएल’वर बसविली तर स्लेव्ह, आणि ‘सीएस’वर ठेवली तर केबलीवरच्या जागेने ठरेल ते. मालक आणि गुलाम! निर्जीव यंत्रांना ही नावे कशाला, असा प्रश्न सुजाण माणसाला पडावा. २००३ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस कौंटीच्या प्रशासनाने आपल्या पुरवठादारांना कळविले होते की, सामग्रीवर ही नावे टाळावीत. काहींनी त्याची थट्टा केली. पण ज्या महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, आणि ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, तिथल्या माणसाने तरी थट्टा करू नये. असो. दोन्ही ड्राइव्हा आपापल्या परीने स्वतंत्रच असतात. नावाने कोणी लहानमोठा होत नाही.

ड्राइव्ह कोणत्या पट्टीवर लावावी, यालाही विचार लागतो. एका पट्टीवरून एका वेळी एकाच यंत्राशी देवघेव होते. आमच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्यांची सोय होती. पहिलीवर हार्ड डिस्क, दुसरीवर जुनी ड्राइव्ह. आम्हांला तबकडीतले हार्ड डिस्कवर घ्यायचे होते, म्हणून हार्ड डिस्कला तिची पट्टी मोकळी ठेवली आणि दोन्ही ड्राइव्हा दुसऱ्या पट्टीवर एकत्र बसविल्या. एका तबकडीवरून थेट दुसऱ्या तबकडीवर नक्कल करायची असती, तर वाचणारी आणि लिहिणारी वेगळ्या पट्ट्यांवर ठेवणे बरे.

आता प्रत्यक्ष काम. संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावर साचलेली स्थिर वीज निघून जाते. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचे झाकण सरकते. आत धुळीचे गालिचे होते आणि एका कोळ्याने संसार थाटला होता. रंगाच्या मऊ ब्रशाने ते हळूच झाडले. दर्शनी रिकाम्या जागेवरचे प्लॅस्टिकचे झाकण आतून ढकलून काढले. त्यामागे पातळ पत्रा असतो, तो हलवून हलवून तुटतो. त्याची कड हाताला कापते, तेवढे सांभाळावे. जंपर मात्र ड्राइव्ह आत घालण्यापूर्वीच पाहून घ्यावा, एकदा आत गेल्यावर बोटे पोचत नाहीत. मग ड्राइव्ह पुढच्या बाजूने, खणात ड्रॉवर सरकवावा तशी सरकवायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रू, आणि ते आखूडच हवेत. लांब स्क्रू आतल्या यंत्राला इजा करतो. चारही स्क्रू आधी सैल लावून, तोंड सरळ रेषेत आले की मग आवळावेत.

पट्टीच्या एका काठावर तांबडी रेघ असते. ती पहिल्या टाचणीची बाजू, आणि ड्राइव्हच्या पाठीमागे ती बहुधा विजेच्या जोडणीच्या शेजारी येते. पट्टी उलटी बसू नये म्हणून खाच ठेवलेली असते, तरी जोर करणाऱ्यापुढे खाचेचे काय चालते? न बसल्यास पुन्हा पाहावे, दामटू नये. टाचणी वाकली की काम वाढले. विजेसाठी एसएमपीएसमधून आलेला चार तारांचा पांढरा प्लग असतो. पिवळी तार बारा व्होल्टची, तांबडी पाच व्होल्टची, मधल्या दोन काळ्या परतीच्या. याचे दोन कोपरे तासलेले असतात, म्हणून तोही एकाच तऱ्हेने बसतो. शेवटी सगळ्या तारा पंख्याच्या वाटेतून दूर सारल्या आणि आम्ही बटण दाबले.

दोन्ही ड्राइव्हा नाहीशा! नवी तर नाहीच, जुनीदेखील दिसेना. मी पट्टी पाहिली, प्लग पाहिला, सारे ठीक. त्या मुलाने मात्र टॉर्च घेऊन ड्राइव्हच्या पाठीमागे डोकावून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही दोघांनाही मालक केलंय.” जुनी ड्राइव्ह मुळात मास्टर होती, नवी आधीच्या संगणकात मास्टर होती, आणि बसविण्यापूर्वी जंपर पाहायचे मी विसरलो होतो. चाळीस वर्षे मुलांना ‘उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न वाचा’ असे सांगणारा मी! पुन्हा प्लग काढला, ड्राइव्ह बाहेर ओढली, टोपी ‘एसएल’वर नेली. या खेपेस बटण दाबताच डिलीट दाबून बायोसची यादी उघडली, तर दोन्ही नावे एकाखाली एक उभी. विंडोजनेही नवी ड्राइव्ह आपण होऊन ओळखली. वेगळे काही घालावे लागले नाही. चूक धरून सारे काम दीड तासाचे झाले. चुकलो नसतो तर अर्ध्या तासाचे होते.

मग पेट्या उघडल्या. तबकडी पहिलीत घालायची, ती नाही म्हणाली की दुसरीत. काही तबकड्या जुन्या ड्राइव्हने नाकारल्या त्या नवीने वाचल्या. आणि गंमत अशी की, एकदोन नवीने नाकारलेल्या जुनीने, वेग कमी करून दिल्यावर, वाचल्या. काही मात्र दोघींनीही नाकारल्या. त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांवर कोणी तरी व्यवस्थितपणाच्या हौसेने कागदी लेबले चिकटविली होती, किंवा बॉलपेनने नावे कोरली होती. आपण समजतो की सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि नावाची बाजू राकट. वस्तुस्थिती उलट आहे. खालून प्लॅस्टिकची जाडी असते; मजकुराचा थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. वरून पेन रोवले की थेट तिथेच लागते. डीव्हीडीत तो थर दोन पत्र्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाजूने अधिक सुरक्षित. ज्यांनी सर्वांत काळजी घेतली त्यांच्याच हातून हे नुकसान झाले, याचे वाईट वाटते. पण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

जे वाचले त्यातली एक तबकडी सांगतो. भाषण रंगात आले असताना अवकाळी पाऊस येतो, पत्र्यावर थेंबांचा ताशा वाजू लागतो, वक्ते थांबतात आणि म्हणतात, “आता वरुणराजाचे दोन शब्द ऐकू.” मांडव हसतो. त्या हसण्यात आपल्यापैकी कोणाकोणाचा आवाज असेल! शेवटी आभार मानणारा गृहस्थ बोलू लागला, तेव्हा आमच्याजवळ उभे असलेले वाचनालयाचे कारकून मटकन खुर्चीवर बसले. तो त्यांच्या वडिलांचा आवाज होता. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि घरी त्यांचा आवाज कुठेच नव्हता. त्यांनी ते चार मिनिटांचे आभार तीनदा ऐकले. नंतर आम्ही त्या दिवशी पुढचे काम केले नाही.

श्रोतेहो, असा एखादा डबा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. लग्नाची व्हीसीडी आहे, मुलाच्या बारशाची आहे, परदेशी गेलेल्या लेकीने धाडलेली डीव्हीडी आहे. आज नाही उद्या पाहू म्हणून आपण ठेवून देतो. पण तबकडीचा रंग थांबत नाही, आणि वाचणारी यंत्रेही दिवसेंदिवस दुर्मिळ होणार. ज्या सोनीचा या तबकडीच्या जन्मात हात होता, तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येण्याजोग्या ब्ल्यू-रे तबकड्या बनविणे बंद केले. ताम्रपट हजार वर्षांनी सापडला तरी डोळ्यांनी वाचता येतो. तबकडीचे तसे नाही. वाचणारे यंत्र गेले की ती आरशाचा तुकडा.

आपल्याकडे पोथ्या टिकल्या त्या कागदाच्या बळावर नव्हे. दर पिढीत कोणी तरी मांडी घालून बसले आणि नक्कल करीत राहिले, म्हणून टिकल्या. तेच काम आता आपल्याकडे आले आहे. एक उतरवून घेतलेली प्रत पुरेशी समजू नये. दोन करून दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. उतरविलेले एकदा पूर्ण ऐकावे, आणि तारीख व नाव वहीत लिहावे, तबकडीवर नव्हे! दोन-चार वर्षांनी पुन्हा तपासावे.

राहता राहिली भीती. पेटी उघडायची म्हटले की आपला हात मागे येतो. हे तज्ज्ञाचे काम, बिघडले तर? सावधगिरी हवीच, पण तो जुना संगणक उघडता यावा म्हणूनच स्क्रूंनी बंद केलेला आहे. माझ्यासारख्या विसरभोळ्याने एक खरेदी चुकविली, एक टोपी चुकविली, आणि तरीही काम झाले. जो संगणक भंगारात द्या म्हणून सांगितले होते, तोच आज वाचनालयात बोलतो आहे.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी आणि तो मुलगा वाचनालयात त्या संगणकाशी बसणार आहोत. आपापले डबे घेऊन या. जे वाचले जाईल ते उतरवून देऊ. कोणाच्या घरी जुनी ड्राइव्ह पडून असेल तर तीही आणा. दोघींनी नाकारलेले तिसरी कदाचित वाचील. ज्या तबकड्या आज मुक्या आहेत त्या आम्ही टाकलेल्या नाहीत, वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत.

 माझे हे भाषणही ध्वनिमुद्रित होते आहे असे दिसते. त्याच्या दोन प्रती कराव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.